गावामागची वाट : उपग्रहाच्या चित्रातून पूरपट्ट्याची ओळख
(रेडिओवरील भाषण)



पाऊसकाळ लागला की नदीकाठच्या गावात सगळ्यांची नजर घाटावर असते. किती पायऱ्या बुडाल्या, पाणी पाराला लागलं का, हीच चौकशी. आजचं भाषण मात्र घाटावरच्या पाण्याबद्दल नाही. गावाच्या पाठीमागून येणाऱ्या पाण्याबद्दल आहे. ते कोणत्या वाटेनं येतं, कोणत्या खोलगटात साठतं, आणि आकाशातून उपग्रहानं काढलेल्या चित्रावरून ती वाट आधी कशी ओळखावी, याचा विचार आपण करणार आहोत.

२०१९ च्या ऑगस्ट महिन्यात मी कृष्णाकाठच्या एका गावी नेमणुकीला होतो. त्या रात्री तरणी पोरं घाटावर बॅटऱ्या घेऊन बसली होती. काठाची कड अजून चांगली दोन हात उघडी होती. सकाळी उजाडल्यावर जनावरं बाहेर काढू, असं ठरलं होतं. पहाटे मळ्यातल्या वस्तीवरून फोन आला, रस्त्यावर पाणी आलंय म्हणून. कोणाला खरं वाटेना. नदी काठाच्या आत आणि गावामागच्या रस्त्यावर पाणी, हे कसं? जाऊन पाहतो तर मोरीवरून कमरेएवढं पाणी वाहत होतं. ज्या रस्त्यानं जनावरं न्यायची तोच रस्ता आधी तुटला. दोन वस्त्यांवरची दावी कापून जनावरं सोडून द्यावी लागली. काही पुढं सापडली, काही सापडली नाहीत.

पूर ओसरल्यावर काही महिन्यांनी त्या दिवसांतलं उपग्रहाचं चित्र मला पाहायला मिळालं. नदीचं पात्र काळं दिसत होतं, ते अपेक्षितच. पण गावाच्या मागच्या बाजूनं एक काळा पट्टा वळसा घालून गेला होता आणि दीड-दोन किलोमीटर खाली पुन्हा नदीला मिळाला होता. गावातल्या एका वयस्कर आजोबांना दाखवलं. ते म्हणाले, "अहो, हा आमचा जुना ओढा. आमच्या लहानपणी यात म्हशी बसायच्या." वरचा निम्मा ओढा लोकांनी मुजवून रानात घेतलेला, मधे घरांचे प्लॉट पडलेले, आणि रस्त्याखाली दोन फुटी नळ टाकलेला. सांगायला संकोच वाटतो, पण त्याच मुजवलेल्या पट्ट्यात मी आदल्या वर्षी सोयाबीनचं प्रात्यक्षिक घेतलं होतं. शंभर वेळा त्या रानातून चाललो, पण पायाखाली ओढा आहे हे कळलं नव्हतं.

पाणी मागून का येतं?

नदीला पूर आला की पाण्याबरोबर गाळ येतो. पाणी काठाबाहेर पडताच त्याचा वेग कमी होतो आणि जाडा, रेताड गाळ काठालगतच बसतो. वर्षानुवर्षं असं होत गेलं की काठ उंच होतो आणि त्याच्यामागची जमीन त्या मानानं सखल राहते. म्हणजे काठाकडून आत जाताना जमीन चढत नाही, उतरते. त्या सखल भागातलं पाणी वाहून नेण्यासाठी निसर्गानं ओढे ठेवले आहेत. हे ओढे खाली कुठेतरी नदीला मिळतात आणि त्यांची तोंडं काठापेक्षा पुष्कळ खोल असतात. नदी चढली की ओढ्याच्या तोंडातून फुगवटा उलटा आत शिरतो. पाणी काठावरून यायला अजून दोन-तीन हात बाकी असतानाच मागची मळी भरून जाते. सांगली शहरातसुद्धा बऱ्याच भागांत पाणी आधी नाल्यांतून उलटं येतं.

आता यापेक्षा मोठं उदाहरण सांगतो. ते बिहारमधल्या कोसी नदीचं आहे. ही नदी हिमालयातून अतोनात गाळ आणते आणि आपली वाट बदलत राहते. गेल्या दोन-अडीचशे वर्षांत ती शंभर किलोमीटरहून अधिक पश्चिमेकडे सरकली. मागे राहिलेल्या तिच्या जुन्या वाटांना तिकडचे लोक 'धार' म्हणतात, पाणी साठणाऱ्या सखल भागांना 'चौर' म्हणतात. नदीचं वळण तुटून त्याचा नालाच्या आकाराचा तलाव झाला की तो 'मौन'. बेगुसराय जिल्ह्यातला काबर ताल हा बूढी गंडक नदीच्या अशाच जुन्या वळणातून झालेला आहे.

पुढे कोसीला दोन्ही बाजूंनी बांध घातले गेले. लोकांना वाटलं, जुन्या धारा आता संपल्या. त्यांच्यात शेती झाली, घरं झाली. १८ ऑगस्ट २००८ रोजी नेपाळच्या हद्दीत कुसहा इथं पूर्वेचा बांध फुटला. त्या दिवशी नदीला आलेलं पाणी पूर्वीच्या मोठ्या पुरांपेक्षा कमीच होतं. पण नदी पूर्वेकडे पलटली आणि आपल्या जुन्या धारांनी वाहू लागली. सुपौल, मधेपुरा, अररिया, सहरसा, पूर्णिया या जिल्ह्यांतल्या तीस लाखांहून अधिक लोकांना त्याचा तडाखा बसला. यातल्या पुष्कळांच्या गावाला कित्येक वर्षांत पुराची सवय नव्हती. त्या जुन्या धारा उपग्रहाच्या चित्रांत आधीपासून दिसत होत्या.

आपली कृष्णा, वारणा, पंचगंगा कोसीसारख्या भटक्या नाहीत. त्यांची पात्रं खोल आहेत, त्या सहसा वाट बदलत नाहीत. तेव्हा "नदी उद्या आपल्या रानातून वाहील" अशी भीती घालण्याचा माझा हेतू नाही. आपल्याकडे प्रश्न आहे तो ओढ्यांचा, जुन्या ओघळींचा आणि पूर गेल्यावर दिवाळीपर्यंत पाणी धरून ठेवणाऱ्या खोलगट रानांचा. २००५, २०१९ आणि २०२१ अशा तीन मोठ्या पुरांत आपण हे पाहिलं आहे.

चित्रात पाणी कसं उठून दिसतं?

उपग्रहाचा कॅमेरा आपल्या फोनच्या कॅमेऱ्यासारखा निळा, हिरवा, तांबडा प्रकाश तर टिपतोच, शिवाय डोळ्यांना न दिसणारा अवरक्त प्रकाशही वेगळा टिपतो. यातच सगळी मेख आहे. हिरवंगार पीक अवरक्त प्रकाश मोठ्या प्रमाणात परत फेकतं, म्हणून ते त्या चित्रात लख्ख दिसतं. पाणी मात्र तो पिऊन टाकतं, म्हणून तिथं अंधार दिसतो. साध्या चित्रात गढूळ पाणी आणि नांगरलेलं रान सारखंच तपकिरी दिसतं, फरक करता येत नाही. म्हणून शास्त्रज्ञ एक हिशेब करतात. प्रत्येक ठिपक्याच्या हिरव्या प्रकाशातून अवरक्त वजा करायचा आणि दोन्हींच्या बेरजेनं भागायचं. उत्तर उणे एक ते अधिक एक यांच्यामध्ये येतं. अधिक आलं तर बहुधा पाणी, उणे आलं तर जमीन किंवा पीक. पाण्याचा हा निर्देशांक १९९६ साली मांडला गेला आणि पुढं त्यात सुधारणा झाल्या. असं उठावदार केलेलं चित्र पाहिलं की साध्या चित्रात न दिसलेली डबकी, तळी, ओघळी डोळ्यांत भरतात.

ठिपका म्हणजे चित्राचा सर्वांत बारीक दाणा. त्याच्या आत काय आहे ते चित्राला वेगळं दाखवता येत नाही. १९८८ साली आपल्या देशानं आय.आर.एस.-१ए हा उपग्रह सोडला. त्याच्या एका कॅमेऱ्याचा ठिपका सुमारे ७२ मीटरचा, म्हणजे सव्वा एकराहून जरा जास्त. ओढा त्यात हरवून जायचा. आता सेंटिनेल-२ या युरोपच्या उपग्रहाची चित्रं फुकट मिळतात. त्याचा ठिपका १० मीटर लांब, १० मीटर रुंद, म्हणजे एक आर. तुमच्या सातबारावर क्षेत्र हेक्टर-आर मध्येच असतं आणि एक आर म्हणजे जवळजवळ एक गुंठा. तेव्हा सोपं लक्षात ठेवा, एक ठिपका म्हणजे एक गुंठा. अमेरिकेच्या लँडसॅटचा ठिपका ३० मीटरचा, म्हणजे नऊ गुंठ्यांचा. पण त्याची या ठिपक्याची चित्रं १९८० च्या दशकापासूनची आहेत, ही त्याची मोठी जमेची बाजू. १९८४ पासूनची अशी सुमारे ३० लाख चित्रं एकत्र करून सगळ्या जगाचा पाण्याचा नकाशा २०१६ साली प्रसिद्ध झाला. कोणत्या जागी बारमाही पाणी असतं, कुठं हंगामी असतं, कुठलं तळं नाहीसं झालं, हे त्यात पाहता येतं.

तुम्ही म्हणाल, साहेब, पुराच्या दिवसांत आभाळ फाटलेलं असतं, ढगांतून चित्र कसं निघणार? बरोबर आहे. वर सांगितलेल्या कॅमेऱ्यांना ढगांपलीकडचं दिसत नाही. त्यासाठी रडारचे उपग्रह आहेत. ते स्वतःच लहरी खाली सोडतात आणि परत आलेल्या लहरी मोजतात. ढग असो, रात्र असो, त्यांना अडत नाही. संथ पाणी आरशासारखं असतं. तिरपी आलेली लहर ते दुसरीकडेच परतवतं, उपग्रहाकडे काही येत नाही, म्हणून पाणी काळं दिसतं. नांगरट, झाडं, घरं यांच्यावरून लहरी चहूकडे उडतात, त्यांतल्या काही परत जातात, म्हणून ती जागा करडी किंवा पांढरी दिसते. माझ्या त्या गावामागचा काळा पट्टा रडारच्या चित्रातलाच होता.

चित्र कुठं फसवतं

बंधूंनो, हे यंत्राचं काम असलं तरी देवाचा शब्द नव्हे. नदीत किंवा तळ्यात जलपर्णी माजली की वरच्या हिशेबात ते पाणी हिरवं पीक ठरतं. पंचगंगेच्या काठच्या लोकांना हे वेगळं सांगायला नको. रडारचीही अडचण आहे. दहा-बारा फूट उंच उसात कमरेएवढं पाणी असलं तरी लहरी पाल्यावरच आदळून परत जातात आणि ते रान कोरडं वाटतं. त्यामुळे ऊसपट्ट्यात पूर चित्रात दिसतो त्याहून प्रत्यक्षात जास्त असू शकतो. वीटभट्टीसाठी माती काढलेले खड्डे आणि खरं तळं, दोन्ही चित्रात सारखीच. आणि दहा मीटरपेक्षा अरुंद ओढा पाण्याची रेघ म्हणून दिसेलच असं नाही.

सर्वांत महत्त्वाचं म्हणजे उपग्रह रोज येत नाही. एकटा सेंटिनेल-१ रडार उपग्रह त्याच वाटेनं बारा दिवसांनी येतो. पूर सोमवारी शिगेला पोचला आणि चित्र गुरुवारी निघालं, तर काळ्या रंगाची कड ही पुराची शेवटची कड नव्हे. ती भिंतीवरच्या गाळाच्या रेघेवरूनच ठरवावी लागते.

गावात हे काम कसं करावं?

एका चित्रावर भागत नाही. निदान तीन चित्रं घ्या. पहिलं पुराच्या दिवसांतलं, रडारचं. दुसरं पूर ओसरल्यानंतर आभाळ उघडल्यावरचं, कारण पाणी कुठं अडून राहतं हे त्यात कळतं. तिसरं एप्रिल-मे मधलं. या तिसऱ्या चित्राला लोक महत्त्व देत नाहीत, मला मात्र तेच फार उपयोगी वाटतं. उन्हाळ्यात सगळीकडची पिकं निघालेली असताना मुजवलेल्या ओढ्यावर ओल टिकून असते. तिथं गवत, बाभळी हिरव्या राहतात आणि एक वळणावळणाची हिरवी रेघ दिसते. आणि जिथं पाण्याचा निचरा तुंबला आहे तिथं वर मीठ फुटलेलं असतं, ते पांढऱ्या डागासारखं दिसतं. चिबड आणि खारवट रानांचे असे डाग पुष्कळदा जुन्या ओघळीच्या कडेनंच सापडतात. पाण्याची वाट बंद झाली, पाणी मात्र जमिनीत राहिलं.

हैदराबादचं राष्ट्रीय सुदूर संवेदन केंद्र मोठ्या पुराच्या वेळी पाण्याखालच्या भागाचे नकाशे तयार करून राज्यांना देतं. 'भुवन' या त्यांच्या संकेतस्थळावर ते पाहता येतात. राज्याच्या कामासाठी नागपूरला महाराष्ट्र सुदूर संवेदन उपयोजन केंद्र आहे. सेंटिनेलची चित्रंही फोनवर उघडतात. गावात कॉलेजात जाणारी मुलं-मुली आहेत, त्यांना हे काम सांगा. एका रविवारच्या दुपारी होण्याजोगं आहे. भूमी अभिलेख कार्यालयातून गाव नकाशा आणा. त्यावर ओढे-नाले दाखवलेले असतात. चित्रातली रेघ आणि नकाशातली रेघ एकमेकींवर ठेवून पाहा. कोणत्या गटात ओढा नकाशावर आहे आणि रानात नाही, हे लगेच दिसेल.

मग वयस्कर मंडळींना बरोबर घेऊन ती रेघ पायी चाला. पूर्वी कुठं पोहायचे, कुठल्या मोरीखाली मासे धरायचे, कोणत्या वर्षी ओढा बुजवला, हे त्यांनाच ठाऊक असतं. चालताना बायकांनाही विचारा. धुणं आणि वैरण यांच्यामुळं सखल जागा त्यांना पुरुषांपेक्षा जास्त माहीत असतात. चित्रावरून उंची कळत नाही, म्हणून मोरीजवळ आणि रस्त्याच्या सर्वांत सखल ठिकाणी साधी लेव्हल लावून घ्या. ग्रामपंचायतीच्या कामाला येणाऱ्या अभियंत्याला विनंती केली तर तासाभराचं काम आहे.

एवढं झालं की एक आकडा पक्का करा. सांगलीच्या आयर्विन पुलाजवळ इशारा पातळी ४० फूट आणि धोका पातळी ४५ फूट आहे. २०१९ मध्ये पाणी ५७ फुटांच्या वर गेलं होतं. कोल्हापूरला पंचगंगेवर राजाराम बंधाऱ्याजवळ हीच पातळी ३९ आणि ४३ फूट आहे. हे आकडे पूर आला की रोज रेडिओवर सांगतात. पण ते त्या पुलाचे, त्या बंधाऱ्याचे आहेत, तुमच्या मोरीचे नव्हेत. पुलावर किती फूट झालं की तुमच्या ओढ्यात पाणी उलटं फिरतं, किती झालं की मोरी बुडते, हे येत्या पावसाळ्यात तारीख-वेळ घालून लिहून ठेवा. माझ्या त्या गावानं २०२१ च्या पुरात हे केलं. आता शाळेच्या भिंतीवर रंगानं आकडा लिहिलाय. तो आकडा यायच्या आधी जनावरं वरच्या वाडीला जातात, घाटाकडे कोणी पाहत बसत नाही.

पिकाचं आणि ओढ्याचं

सखल पट्टा कळला की पिकाचा विचार करावा. आडसाली उसाची लागण जुलै-ऑगस्टमध्ये होते, म्हणजे नेमकी पुराच्या तोंडी. नुकतीच लावलेली कांडी चार-पाच दिवस पाण्याखाली राहिली की कुजते. त्या पट्ट्यात आडसाली टाळून ऑक्टोबर-नोव्हेंबरची पूर्वहंगामी लागण करावी. पुढच्या ऑगस्टपर्यंत ऊस नऊ-दहा महिन्यांचा, उंच झालेला असतो आणि शेंडा पाण्यावर राहिला तर पीक तगतं. शेंडा बुडून पोग्यात गाळ बसला तर तेही जातं, हे खरं. पण निदान एक संधी मिळते. सोयाबीन, भुईमूग त्या पट्ट्यात नकोच. कडब्याची गंज, खतांची पोती, मोटारीचा स्टार्टर यांच्या जागाही चित्र पाहून बदला.

राहता राहिला मुजवलेला ओढा. हा नाजूक विषय आहे. ज्यानं मुजवला तो बहुधा आपलाच भाऊबंद असतो. चार-पाच गुंठे वाढले, एवढाच त्याचा फायदा, पण वरच्या वीस जणांच्या रानात पाणी तुंबतं. पहिल्यांदा चित्र आणि नकाशा घेऊन चावडीत बसा. तारखेनिशी चित्र समोर असलं की "इथं ओढा नव्हताच" हे बोलणं आपोआप बंद होतं, असा माझा अनुभव आहे. समजुतीनं निघालं तर उत्तम. नाहीच निघालं तर १९०६ च्या मामलेदार न्यायालय अधिनियमाच्या कलम ५ प्रमाणे, शेतजमिनीतल्या पाण्याच्या नैसर्गिक वाटेत कोणी बेकायदा अडथळा केला असेल तर तो दूर करण्याचा हुकूम तहसीलदार देऊ शकतात. मात्र अडथळा झाल्यापासून सहा महिन्यांच्या आत दावा दाखल करावा लागतो. पुष्कळ शेतकरी दोन-दोन वर्षं नुसती भांडणं करतात आणि मुदत निघून जाते.

ज्यांची रानं चिबड झाली आहेत त्यांनीही जमिनीखालून सच्छिद्र पाइप टाकून निचरा करण्यापूर्वी हे चित्र पाहावं. पाइपातलं पाणी शेवटी कुठंतरी ओढ्यातच सोडायचं असतं. ओढा बंद असेल तर हजारो रुपयांचे पाइप जमिनीत नुसते पडून राहतील.

मे महिन्यात आभाळ निरभ्र असतं आणि रानं मोकळी असतात. चित्र पाहणं आणि रेघ चालणं, दोन्ही तेव्हाच करून घ्यावं. जूनचा पहिला मोठा पाऊस झाला की रेघेवर पुन्हा जाऊन यावं. मोरीच्या कोणत्या बाजूनं पाणी येतंय आणि कोणत्या बाजूला तुंबतंय, ते उभं राहून पाहावं. नळात अडकलेला पालापाचोळा त्याच दिवशी काढावा.